दुव्यांचे दप्तर : महाजालावर सापडलेले जपावे कसे?

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांचे व्हॉट्सॲप गट आज कितीतरी आहेत. दहावीच्या तुकडीचा एक, वसतिगृहातील सोबत्यांचा एक, नोकरीला लागलेल्यांचा एक, पालकांचा आणखी एक. या गटांवर रोज काही ना काही मोलाचे येऊन पडते. कधी शिष्यवृत्तीची सूचना, कधी स्पर्धा परीक्षेचा अभ्यासक्रम, कधी एखाद्या दुर्मीळ ग्रंथाची प्रत, कधी एखाद्या अभ्यासकाचे दीड तासाचे व्याख्यान. दुव्याखाली जोडलेल्या हातांची चिन्हे उमटतात, दोघे-तिघे आभार मानतात आणि तो दुवा शुभसकाळच्या फुलांखाली हळूहळू गाडला जातो. महिन्याभराने त्याच गटावर कोणीतरी विचारते, “सर, ती लिंक कोणाकडे आहे का?” बहुधा ती कोणाकडेच नसते.

ही गोष्ट वरवर किरकोळ वाटेल, पण आमच्या मते ती तशी नाही. ज्या घरात तीन पिढ्या शिकलेल्या आहेत त्या घरातील मुलाला वाट दाखवणारे काका, मामा, आत्या घरातच असतात. कोणता फॉर्म कधी भरायचा, कोणता दाखला आधी काढायचा, कोणते पुस्तक वाचायचे, हे त्याला जेवता-जेवता कळते. आपल्या शाळेतील पुष्कळ मुले घरातून शिकणारी पहिली पिढी आहेत. त्यांच्यासाठी महाजालावरचा एक विश्वासार्ह दुवा हाच काका आणि तोच मामा. तो वेळेवर हाती आला नाही तर अर्जाची मुदत टळते, मुदत टळली तर वर्ष जाते आणि एखाद्या मुलीचे वर्ष गेले तर तिचे शिक्षणही सुटू शकते. म्हणून उपयुक्त दुवे नीट जमवणे, लावणे व जपणे हा टापटिपीचा नव्हे, संधीचा प्रश्न आहे. या लेखात त्याची थोडी पूर्वपीठिका आणि कोणालाही जमेल अशी एक पद्धत मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

दुव्याची कल्पना आली कोठून?

माणसाजवळ माहिती कमी आहे ही आधुनिक काळाची अडचण नाही; जमलेल्या माहितीतून हवे ते हवे तेव्हा सापडत नाही, ही खरी अडचण आहे. हे दुखणे अमेरिकन शास्त्रज्ञ व्हॅनेव्हर बुश यांनी १९४५ साली एका गाजलेल्या लेखात नेमके मांडले होते. त्यांनी ‘मेमेक्स’ नावाच्या एका काल्पनिक टेबलाचे वर्णन केले. वाचकाची सारी पुस्तके व कागद सूक्ष्मफितीवर त्या टेबलात साठवलेले असतील; एका कागदाला दुसरा कागद जोडून त्याला आपली स्वतःची पाऊलवाट आखता येईल; आणि ती पाऊलवाट त्याला दुसऱ्याच्या हातीही देता येईल, अशी ती कल्पना होती. तसे टेबल कधी तयार झाले नाही, पण पाऊलवाटेची कल्पना टिकून राहिली.

मार्च १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या टिम बर्नर्स-ली यांनी आपल्या वरिष्ठांना एक प्रस्ताव दिला. त्यामागील अडचण आपल्या कोणत्याही संस्थेच्या कार्यालयात आढळावी अशीच होती. माणसे येत-जात होती आणि कोणती माहिती कोठे आहे हे त्यांच्याबरोबरच निघून जात होते. या प्रस्तावातून पुढे ‘वर्ल्ड वाइड वेब’ म्हणजे आजचे महाजाल उभे राहिले. प्रत्येक पानाला स्वतंत्र पत्ता, आणि एका पानावरून दुसऱ्या पानावर नेणारा दुवा, एवढ्या दोन गोष्टींवर हा सारा डोलारा उभा आहे.

पाने वाढली तशी ती लावून ठेवण्याची गरज भासू लागली. १९९३ मधील ‘मोझॅक’ या ब्राउझरमध्ये आवडत्या पत्त्यांची यादी करण्याची सोय होती. ‘नेटस्केप’ने तिला ‘बुकमार्क’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. १९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरी यांग व डेव्हिड फिलो या दोन विद्यार्थ्यांनी आपल्याला आवडलेल्या दुव्यांची विषयवार यादी करायला घेतली. तीच पुढे ‘याहू’ झाली. आज अवाढव्य वाटणाऱ्या या उद्योगाच्या मुळाशी दोन विद्यार्थ्यांची दुव्यांची वही होती, ही गोष्ट आपल्या मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे.

दुवे मरतात

दुव्याविषयी सर्वांत मोठा गैरसमज असा, की महाजालावर आलेली गोष्ट कायमची राहते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत असे आढळले, की २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी सुमारे ३८ टक्के पाने दहा वर्षांनंतर उघडतच नव्हती. हार्वर्ड विद्यापीठातील अभ्यासकांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेले दुवे तपासले, तेव्हा त्यांतील जवळजवळ निम्मे दुवे मूळ मजकुराकडे नेत नसल्याचे दिसून आले. जेथे प्रत्येक शब्दाला पुराव्याचे मोल आहे तेथे ही अवस्था, तर आपल्या गटांवरील दुव्यांची काय कथा!

दुवा मरण्याची कारणे साधी आहेत. संकेतस्थळाच्या नावाचे शुल्क दरवर्षी भरावे लागते. ते थांबले की नाव दुसऱ्याच्या हाती जाते. काही वेळा संकेतस्थळाची नवी मांडणी होते आणि जुनी पाने नव्या पत्त्यावर जातात. लोकसभेचे जुने संकेतस्थळ पुढे ‘संसद डॉट इन’ या नव्या पत्त्यावर गेले. ज्यांनी फक्त जुना पत्ता टिपून ठेवला होता त्यांना शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. शासकीय योजनांची पाने वर्षागणिक बदलतात. यूट्यूबवरील व्याख्यान टाकणारा ते केव्हाही काढून घेऊ शकतो. याहून फसवा प्रकार म्हणजे पत्ता तोच राहतो, पान उघडतेही, पण आतला मजकूर बदललेला असतो. अशा वेळी दुवा जिवंत दिसतो, पण आपण पाहिलेली गोष्ट तेथे नसते.

दुवे साठवून देणाऱ्या सेवाही मरतात, हे ध्यानात ठेवावे. लाखो लोकांची घरगुती पाने असलेले ‘जिओसिटीज’ २००९ मध्ये बंद झाले. ‘गूगल रीडर’ १ जुलै २०१३ रोजी बंद झाले. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘डिलिशस’ने दुव्यांना खुणेचे शब्द लावून ते सर्वांसाठी खुले ठेवण्याची पद्धत जगभर रुजवली, तेही अनेक मालक बदलत अखेर थांबले. ‘नंतर वाचू’ म्हणून लेख साठवणारे ‘पॉकेट’ जुलै २०२५ मध्ये बंद झाले. यावरून एवढाच बोध घ्यायचा, की सोय कोणाचीही वापरावी, पण दप्तराची एक प्रत आपल्या स्वतःच्या हाती असावी.

रुमालाची शिस्त

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही शिस्त नवी नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तरातील मोडी कागद ‘रुमालां’मध्ये, म्हणजे कापडाच्या गाठोड्यांमध्ये, बांधून ठेवलेले आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यांतील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. हे काम होऊ शकले, कारण कागद जपून ठेवलेले होते. कोणत्या रुमालातला कागद, कोणत्या तारखेचा, कोणी कोणाला लिहिलेला, हे सांगता आले तरच तो पुरावा ठरतो. हे काहीच सांगता न आलेला कागद कितीही जुना असला तरी इतिहासकाराला त्याचा फारसा आधार घेता येत नाही.

दुव्याचेही तसेच आहे. नुसता पत्ता म्हणजे बिनरुमालाचा कागद. इंग्रजी अक्षरे, आकडे आणि तिरप्या रेघा यांची ती लांबलचक ओळ सहा महिन्यांनी वाचली तर ती कशाची होती हे ती साठवणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक दुव्याबरोबर पुढील सात गोष्टी लिहाव्यात असे आम्ही सुचवतो :

१. शीर्षक, देवनागरीत, आपल्याला कळेल असे.
२. लेखक किंवा वक्ता, आणि मूळ लेखनाचे वर्ष.
३. ते पान कोणत्या संस्थेचे किंवा व्यक्तीचे आहे.
४. पूर्ण पत्ता.
५. आपण ते पान पाहिल्याची तारीख.
६. ते कोणाला व कशासाठी उपयोगी आहे, याचे एक वाक्य.
७. त्याची प्रत ठेवली आहे काय, आणि असल्यास कोठे.

उदाहरणादाखल एक नोंद पाहू. शीर्षक : जातिप्रथेचे विध्वंसन, मूळ इंग्रजी भाषण. लेखक : डॉ. बाबासाहेब आंबेडकर, १९३६. पान : कोलंबिया विद्यापीठ, न्यूयॉर्क, संपादन प्रा. फ्रान्सेस प्रिचेट. पत्ता : पूर्ण लिहावा. पाहिल्याची तारीख : ज्या दिवशी पाहिले ती. उपयोग : मूळ पाठ इंग्रजीत, टिपांसह, अकरावीपासून पुढच्या विद्यार्थ्यांना आणि वक्तृत्वाच्या तयारीला. प्रत : शाळेच्या ग्रंथालयातील संगणकावर. ही नोंद करायला तीन मिनिटे पुरतात. उद्या हा पत्ता बदलला तरी लेखक, वर्ष, संस्था व संपादक एवढ्या खुणांवरून तेच पान पुन्हा शोधून काढता येते. पत्ता हरवला तरी वाट हरवत नाही, हाच या नोंदीचा खरा उपयोग.

सातांपैकी सहावी गोष्ट बहुतेक जण गाळतात, आणि आमच्या अनुभवात तीच सर्वांत महत्त्वाची ठरते. “खूप छान माहिती” हा शेरा निरुपयोगी आहे. “बारावीनंतर वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना, लागणाऱ्या कागदांची यादी पानाच्या शेवटी” हा शेरा एखाद्याचे वर्ष वाचवू शकतो. व्याख्यानाचा दुवा असेल तर मुख्य मुद्दा कितव्या मिनिटाला येतो तेही लिहावे. दीड तासाचे व्याख्यान दोन मिनिटांच्या माहितीसाठी कोणी ऐकत बसत नाही.

पत्ता टिपताना दोन पथ्ये पाळावीत. पहिले, आखूड केलेला दुवा कधी साठवू नये. तो उघडून ब्राउझरच्या वरच्या पट्टीत दिसणारा पूर्ण पत्ता घ्यावा. आखूड दुवा ही मधली खुंटी असते, ती बनवणारी सेवा बंद पडली की मूळ पान जिवंत असूनही आपली वाट तुटते. दुसरे, पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्हानंतर कधी कधी ‘यूटीएम’ या अक्षरांनी सुरू होणारे लांब शेपूट असते. दुवा कोठून फिरत आला हे कळावे म्हणून ते जोडलेले असते. ते काढून पान उघडते का पाहावे. उघडत असेल तर आखूड, स्वच्छ पत्ता साठवावा.

वर्गवारी : थोडे रुमाल, भरपूर खुणा

दुवे शंभरावर गेले की वर्गवारीचा प्रश्न उभा राहतो. ग्रंथालयांनी हा प्रश्न आपल्या फार आधी सोडवायला घेतला होता. अमेरिकेत मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये सारे ज्ञान दहा वर्गांत विभागणारी दशांश पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात एका पुस्तकाला एकच जागा. पण ‘विदर्भातील गिरणी कामगार स्त्रियांचा इतिहास’ असे पुस्तक असेल तर ते इतिहासात ठेवायचे, कामगार चळवळीत, की स्त्री-अभ्यासात? आपल्याकडील थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडून याला उत्तर दिले : एका विषयाचे अनेक पैलू असतात, ते सुटे ओळखावेत व मग जोडावेत. त्याआधी १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे सांगितली होती. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे आणि ग्रंथालय ही वाढत राहणारी गोष्ट आहे, हा त्यांतील दोन सूत्रांचा आशय दुव्यांच्या दप्तराला तंतोतंत लागू पडतो.

संगणकावर ड्यूईंचा एकेक कप्पा म्हणजे ‘फोल्डर’ आणि रंगनाथन यांचे पैलू म्हणजे ‘टॅग’, खुणेचे शब्द. कप्पे थोडे करावेत आणि खुणा भरपूर लावाव्यात, असा आमचा सल्ला आहे. आपल्या समाजाच्या गरजेचा विचार करता सहा कप्पे पुरेसे वाटतात : शिष्यवृत्ती व वसतिगृह, दाखले व शासकीय कामे, शालेय अभ्यास, स्पर्धा परीक्षा व नोकरी, ग्रंथ व इतिहास, आरोग्य व कायदेविषयक मदत. खुणांमध्ये इयत्ता, महिना, जिल्हा, भाषा आणि प्रकार (पुस्तक, व्याख्यान, अर्ज, शासन निर्णय) हे शब्द असावेत. मग ‘दहावीनंतर’ आणि ‘जुलै’ या दोन खुणा शोधल्या, की त्या महिन्यात करायच्या अर्जांचे सारे दुवे एकत्र दिसतात. खुणांचे शब्द ठरवून घ्यावेत. एकाने ‘शिष्यवृत्ती’, दुसऱ्याने ‘स्कॉलरशिप’ आणि तिसऱ्याने ‘फेलोशिप’ लिहिले तर शोधणाऱ्याला एक सापडतो आणि दोन हुकतात.

साधन कोणते वापरावे? उत्तम साधन तेच, जे रोज वापरले जाते. फक्त स्वतःपुरते साठवायचे असेल तर ब्राउझरमधील ताऱ्याचे चिन्ह, म्हणजे बुकमार्क, पुरेसे आहे. संगणकावरील बुकमार्कच्या यादीतून सारे दुवे एका फाइलमध्ये बाहेर काढता येतात, ते वर्षातून दोनदा करावे. व्हॉट्सॲपवर संदेशाला तारा लावता येतो, आणि गटाच्या माहितीत गेल्यास आजवर आलेले सर्व दुवे एकत्र पाहता येतात. पुष्कळांना हे ठाऊक नसते. पण ही तात्पुरती टोपली समजावी. फोन बदलला आणि बॅकअप नसला की ती रिकामी होते. सर्वांसाठी ठेवायचे तर वर सांगितलेल्या सात गोष्टींचे सात रकाने, कप्पा आणि खुणा यांचे आणखी दोन, अशी नऊ रकान्यांची तक्ता-फाइल, म्हणजे स्प्रेडशीट, सर्वांत सोयीची. तिला विशेष शिकवणी लागत नाही, ती फोनवर उघडते, तिच्यात शोधता येते आणि ती छापूनही काढता येते.

मराठी दुव्यांची एक खास अडचण

मराठी मजकुराच्या बाबतीत एक अडचण इंग्रजीपेक्षा अधिक आहे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. तरीही नंतर कित्येक वर्षे आपल्याकडील बराच मजकूर श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा निरनिराळ्या फॉन्टमध्ये टंकित होत राहिला. ते फॉन्ट नसतील तर पान उघडल्यावर अगम्य अक्षरे दिसतात. जुने ग्रंथ तर बहुधा पानांची छायाचित्रे म्हणूनच महाजालावर आहेत. माणसाला ती वाचता येतात, पण शोधयंत्राला त्यांतील शब्द अनेकदा सापडत नाहीत. त्यात लेखनभेदांची भर : ‘आंबेडकर’ आणि ‘आम्बेडकर’, ‘फुले’ आणि रोमन लिपीतील त्याची दोन-तीन रूपे.

म्हणूनच मराठी दुव्याला आपल्या हाताने लिहिलेले युनिकोड शीर्षक आणि एका वाक्याचा सार फार उपयोगी पडतो. शोधयंत्राला जे सापडत नाही ते आपल्या तक्त्यात सापडते. मराठी विश्वकोशाच्या नोंदी, महाराष्ट्राच्या दर्शनिका म्हणजे गॅझेटियर, बालभारतीची पाठ्यपुस्तके, महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’चे खंड हे सारे महाजालावर वाचायला मिळते. पण खंड क्रमांक १३ मध्ये संविधान सभेतील भाषणे आहेत, हे ज्याला माहीत आहे त्यालाच तो खंड उघडण्याची बुद्धी होते. आपण केलेली एका ओळीची नोंद दुसऱ्याला ही किल्ली देते.

खरा दुवा, खोटा दुवा

साठवण्यापूर्वी पारखणे अवश्य आहे. प्रवेशाच्या व शिष्यवृत्तीच्या हंगामात खोट्या संकेतस्थळांचे पेव फुटते. “सर्व विद्यार्थ्यांना मोफत लॅपटॉप, हा संदेश दहा जणांना पाठवा” अशा धर्तीचे संदेश भल्या माणसांच्या हातूनच पसरतात. पारखण्याची पहिली रीत म्हणजे पत्ता वाचणे. पत्त्यातील पहिल्या एकेरी तिरप्या रेघेच्या आधीचा भाग पाहावा, आणि तो उजवीकडून डावीकडे वाचावा. भारतातील शासकीय संकेतस्थळांची नावे बहुधा ‘जीओव्ही डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ यांवर संपतात. राज्य शासनाच्या शिष्यवृत्त्यांचे ‘महाडीबीटी’ हे संकेतस्थळ ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ यावरच संपते. कोणी पत्त्याच्या सुरुवातीला ‘महाडीबीटी’ लिहून शेवट मात्र ‘डॉट एक्सवायझेड’ असा केला असेल, तर ते पान शासनाचे नव्हे. पत्त्याजवळचे कुलूप पाहून निर्धास्त होऊ नये. मधल्या वाटेत कोणी माहिती वाचणार नाही, एवढीच ग्वाही ते कुलूप देते. समोरचा प्रामाणिक आहे याची नाही.

दुसरी पारख विचारांच्या बाबतीत. महापुरुषांच्या चित्राखाली त्यांनी कधीच न लिहिलेली वाक्ये छापून फिरवण्याची साथ आली आहे. बाबासाहेबांच्या नावावरही अशी कितीतरी वाक्ये फिरतात, आणि आपलीच मुले ती भाषणात वापरतात. मग कोणी विरोधक उभा राहून “हे कोठे म्हटले आहे?” असे विचारतो, तेव्हा उत्तर नसते, एका खोट्या वाक्यामुळे खऱ्या शंभर वाक्यांवरही संशय येतो. याला एकच उपाय : जयंतीच्या भाषणात वाक्य वापरायचे असेल तर मूळ खंड, पृष्ठ व दुवा सोबत हवा. २५ नोव्हेंबर १९४९ चे संविधान सभेतील भाषण पाठ करणाऱ्या मुलाने ते संसदेच्या संकेतस्थळावरील कामकाजाच्या नोंदीत स्वतः एकदा पाहिलेले असावे. आपल्या दप्तरात ‘मूळ’ आणि ‘ऐकीव’ अशा दोन खुणा ठेवाव्यात आणि ऐकीव गोष्टीला मूळ सापडेपर्यंत मंचावर जागा देऊ नये.

प्रत ठेवणे

दुवे मरतात हे एकदा मान्य केले की महत्त्वाच्या पानाची प्रत ठेवणे ओघानेच येते. शासन निर्णय, माहितीपत्रक, अर्जाच्या सूचना ही पाने पीडीएफ करून ठेवावीत. फोनवर छपाईच्या पर्यायातून ते करता येते. फाइलला ‘डाउनलोड ७’ असे नाव न देता वर्ष, विषय व संस्था यांचे नाव द्यावे. अर्ज भरल्याची पोचपावती मात्र प्रत्येकाने स्वतंत्रपणे स्वतःजवळ ठेवावी.

सार्वजनिक पानांसाठी याहून मोठी सोय आहे. ब्रूस्टर केल यांनी १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ही संस्था सुरू केली. महाजालावरील पानांच्या तारीखवार प्रती ती साठवते. २००१ पासून ‘वेबॅक मशीन’ या नावाने त्या सर्वांना पाहता येतात. मेलेला पत्ता तेथे टाकला तर पुष्कळदा त्याचे जुने रूप मिळते. आणि आज जिवंत असलेले पान आपण स्वतः तेथे जमा करू शकतो; एक पत्ता लिहून एक कळ दाबायची, बस्स. अर्थात सर्वच पाने तेथे जतन होत नाहीत. लॉगिन करून उघडणारी पाने तर नाहीतच. म्हणून आपली प्रतही हवी.

येथे दोन इशारे द्यावेसे वाटतात. सर्वांसाठी खुल्या असलेल्या तक्त्यात कोणत्याही विद्यार्थ्याचा आधार क्रमांक, जातीचा दाखला, बँकेचा तपशील किंवा संकेतशब्द कधीही ठेवू नये. आणि हयात लेखकांची विक्रीस असलेली पुस्तके बेकायदा प्रतींच्या रूपात फिरवू नयेत. आपल्या चळवळीतील छोट्या प्रकाशकांचा गाडा त्या पुस्तकांच्या विक्रीवरच चालतो.

एकाचे नव्हे, सर्वांचे दप्तर

हे सारे एकट्याने करायचे ठरवले तर उत्साह तीन महिने टिकतो. दप्तर टिकते ते वाटून घेतलेल्या कामावर. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने एक साधी योजना आम्ही सर्वांपुढे ठेवतो. शाळेच्या ग्रंथालयात दुव्यांचा एक सामाईक तक्ता असावा. प्रत्येक कप्प्याची जबाबदारी दोन माजी विद्यार्थ्यांनी घ्यावी. त्या क्षेत्रात काम करणारे असतील तर उत्तम : बँकेतील विद्यार्थ्याने शिष्यवृत्तीचा कप्पा पाहावा, परिचारिका असलेल्या विद्यार्थिनीने आरोग्याचा, वकिलाने कायद्याचा, प्राध्यापकाने ग्रंथांचा. एकाने नोंद करावी, दुसऱ्याने तपासावी. दर तीन महिन्यांनी, आणि जूनमध्ये विशेषकरून, प्रत्येक दुवा उघडून पाहावा. मेलेला दुवा काढून न टाकता त्यापुढे ‘बंद’ असे लिहून नवा पत्ता शोधावा. नव्याने सापडलेला दुवा आधी तक्त्यात नोंदवावा आणि मगच गटावर पाठवावा, एवढा नियम पाळला तरी निम्मे काम होईल.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना या कामात जरूर घ्यावे. आठवड्याला एका मुलाने एक पान वाचून त्याची सात गोष्टींची नोंद करावी. कोणी लिहिले, कधी लिहिले, कशावरून म्हणतो, हे तीन प्रश्न या कामातून त्याच्या अंगवळणी पडतील. आणि इतिहास शिकवताना आम्हां शिक्षकांना याहून वेगळे काय शिकवायचे असते? ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही अशा पालकांसाठी त्या महिन्याच्या मुदतींचे एक पान छापून शाळेच्या सूचनाफलकावर आणि वस्तीतील विहारात लावावे. महाजालावरचे दप्तर शेवटी कागदावर उतरून ज्याला हवे त्याच्या हाती पोचले, तरच ते पुरे झाले असे म्हणता येईल.

ही स्मरणिका वाचणाऱ्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला आमची विनंती आहे : आज रात्री आपला फोन उघडा, गेल्या वर्षात ज्या दुव्यांचा तुम्हाला खरोखर उपयोग झाला असे पाच दुवे निवडा, त्यांची वर सांगितल्याप्रमाणे नोंद करा आणि शाळेच्या ग्रंथालयाकडे पाठवा. शंभर जणांनी पाच-पाच पाठवले तर पाचशे होतात. येत्या जूनमध्ये शाळेत पाऊल ठेवणाऱ्या मुलामुलींना ज्या माहितीसाठी तुम्हाला दारोदार फिरावे लागले, ती त्यांच्या हाताशी तयार असेल.